बंकटअण्णांचं सादळीशी वैर

माझ्या चपलांच्या दुकानात येऊन काहीही न घेता जाणारी माणसं पुष्कळ आहेत. वडवणीला बाजाराच्या दिवशी तर अशांचीच गर्दी जास्त. कुणी सावलीला येतं, कुणी पिशवी ठेवायला येतं, कुणी नवा बूट पायात घालून आरशासमोर दोन फेऱ्या मारतं आणि "पुढच्या बाजारी बघू" म्हणून निघून जातं. पण बूट बाजूला सारून रिकाम्या खोक्यात हात घालणारं आणि तळाशी पडलेली ओल शोषणारी पांढरी पुडी खिशात टाकणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं. ते म्हणजे आमचे शेजारी बंकटअण्णा.

"ही खायची नसते अण्णा," मी पहिल्याच दिवशी घाबरून म्हणालो.

"खातंय कोण. तुमच्या बुटाला कशाला पाहिजे ही? बूट उद्या चिखलातच जाणार हाय. मला द्या. माझ्या कॅमेऱ्याला लागती."

अण्णांचा अवतार कॅमेरेवाल्याचा नव्हता. खाकी शर्ट, खांद्यावर टॉवेल, बोटांना कसलंसं ग्रीस. मला वाटलं लग्नात फोटो काढत असतील. पण त्यांचा कॅमेरा लग्नातला नव्हता. तो बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा होता.

बीड जिल्ह्यात पाण्याखाली जाणारा कॅमेरा म्हटलं की बाहेरगावची माणसं हसतात. आधी पाणी तर दाखवा, म्हणतात. पण हा धंदा आमच्याकडे पाणी नसल्यामुळेच चालतो. बोअर घेतला, मोटार टाकली, दोन उन्हाळे पाणी आलं आणि एके दिवशी नळी नुसतीच फुरफुरायला लागली, की माणसाला कळत नाही की पाणी आटलं, का आतला पाइप फुटला, का मोटार गाळात रुतली. सहाशे फूट खाली जाऊन बघणार कोण? तिथे अण्णांचा कॅमेरा जातो. हातभर लांब, मनगटाएवढी जाड अशी स्टीलची नळी. तोंडाला काच, काचेमागे डोळा, डोळ्याभोवती बारक्या दिव्यांचं कडं. मागे लांबच लांब वायर, ती चरखीला गुंडाळलेली. वर एका डब्यात छोटा पडदा असतो, त्यावर जमिनीच्या पोटातलं सगळं दिसतं.

असा हा पाण्यात बुडायलाच जन्मलेला कॅमेरा, आणि अण्णा त्याला ओल लागू नये म्हणून जिवाचं रान करत. मला हे आधी कळेचना. मी एकदा तसं बोलून दाखवलं. अण्णांनी माझ्याकडे फार कीव येऊन पाहिलं.

"पाणी भाईरून येत न्हाई शेठ. भाईरचं पाणी रबराचा वायसर अडवतोय. आपण झाकण लावताना जी हवा आत कोंडतो, ती वली असली की कारभार संपला. वर ऊन, खाली गारवा. गारव्यात गेला की तीच वल आतून काचेला धरती. मग बघा पडद्यावर धुकं. सादळलं का संपलं."

'सादळलं का संपलं' हा अण्णांचा मंत्र होता. तो त्यांनी कॅमेऱ्यापुरता ठेवला असता तर प्रश्न नव्हता, पण अख्खं जग ते त्याच मापाने मोजत. गल्लीतल्या मुलीला स्थळ आलं की अण्णांचा शेरा ठरलेला: "पोरगं बरं हाय, पर जरा सादळलेलं हाय." निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून गेला, त्याच्या पाठीमागे म्हणाले, "वरून टणक दिसतंय. आतून गेलंय." मनापासून कौतुक करायचं झालं तर म्हणत, "खडखडीत माणूस हाय." मला त्यांनी एकदाच तोलून पाहिलं. "तुमीबी सादळायला लागलात शेठ. दुकानात बसून बसून." मी त्या दिवशी त्यांना पुडी दिली नाही. त्यांनी स्वतःच घेतली.

आमच्या घरांची भिंतीला भिंत लागून आहे. दुकान पुढे, घर मागे. त्यामुळे अण्णांचे सगळे विधी मला प्रत्यक्ष पाहायला नाही तरी ऐकायला मिळतात. कॅमेरा उघडायचा तो भर दुपारी, कडक ऊन असताना. त्या खोलीत आदल्या दिवसापासून फरशी पुसायची नाही. चहाचा कप उंबऱ्याच्या आत न्यायचा नाही. न्हाऊन आलेल्या माणसाने केस वाळेपर्यंत दारावरून जायचं नाही. पाण्याचा कूलर तर त्यांच्या घरात नावाला नाही. कूलर म्हणजे सादळीचं यंत्र, असं त्यांचं मत. मे महिन्यात सगळी गल्ली कूलरसमोर पाय पसरून पडलेली असते, आणि द्वारकाकाकू, म्हणजे अण्णांचं कुटुंब, पुठ्ठ्याने वारा घेत आमच्या ओट्यावर येऊन बसतात.

"माझ्या पापडाच्या डब्यात कधी पुडी टाकली न्हाई ह्यांनी," त्या म्हणतात. "तव्यावर मणी भाजत बसतेत. मला म्हणतेत, त्या तव्यावर भाकरी टाकू नको, बाफ धरतोय."

मणी म्हणजे निळे बारके खडे. ते ओल पिऊन गुलाबी होतात आणि मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे. अण्णांकडे त्याची बरणी होती. मोबाइल पाण्यात पडला की लोक तो तांदळात पुरतात, त्याचा अण्णांना मनापासून तिटकारा. "तांदूळ भात करायला असतेत," असं म्हणून ते विषय संपवत.

पण सगळ्यात अवघड प्रकरण होतं श्वासाचं. श्वासात वाफ असते. म्हणून कॅमेरा उघडा असेपर्यंत अण्णा तोंडाला टॉवेल बांधत, आणि झाकण लावायच्या वेळी श्वासच रोखून धरत. वायसर पुसायचा, त्याला बोटाने ग्रीसचा पातळ हात द्यायचा, कोरडी पुडी आत सरकवायची, झाकण बसवायचं, आटे फिरवायचे. तोवर माणूस लालबुंद. शेवटचा आटा बसला की ते जो श्वास सोडत तो आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू येई. आमची बायको भाजी निवडता निवडता म्हणे, "झाला वाटतं बंद." एकदा मी त्या खोलीत उभा असताना मला शिंक आली. अण्णांनी सगळं पुन्हा उघडून वाळवलं आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुड्या मात्र न बोलता नेत होते.

ओलावा मोजणारं एक घड्याळासारखं यंत्रही त्यांनी आणलं होतं. लोक बातम्या बघतात तसे ते त्याचा काटा बघत. आभाळ भरून आलं की सगळं गाव तोंड वर करून बसे, आणि अण्णा काट्याकडे बघत चुकचुकत. एका म्हाताऱ्याने त्यांना चांगलंच सुनावलं होतं. "लोकायचा जीव पावसात अडकलाय, न तुला सादळीचं पडलंय बे?" अण्णांनी यंत्र तेवढं शर्टाच्या आत घेतलं.

कुठल्याही गावात कॅमेरा वर काढला की ते स्वतःच्या कॅनमधलं गोडं पाणी त्याच्यावर ओतत, कारण बोअरच्या खारट पाण्याचे डाग काचेवर बसतात. टँकरची वाट बघणाऱ्या बाया हा अभिषेक बघत उभ्या राहत. अण्णा खाली घमेलं ठेवत आणि ते पाणी जवळच्या शेळीला पाजत, पण बायांच्या चेहऱ्यावरचं त्याने काही कमी होत नसे.

एवढ्या सगळ्याचं फळही होतं. आजूबाजूच्या तालुक्यांत कॅमेरे चार होते, पण ज्याच्या काचेला कधीच वाफ धरली नाही असा एकच. अकरा वर्षांत एकदाही नाही. अण्णा हे सांगताना छाती जराशी पुढे काढत. लोक त्यांना लांबून बोलवत ते याचसाठी. "मी सांगत न्हाई, दाखवतो," असं ते म्हणत. त्यामुळे न बघता सांगणाऱ्यांवर त्यांचा फार राग, आणि त्यातही पाणाड्यांवर. तळहातावर नारळ आडवा धरून रानभर चालायचं, नारळ उभा राहिला की म्हणायचं, इथे पाणी. आमच्याकडे अजूनही बोअरची गाडी येण्याआधी पाणाडी येतो. "नारळाला डोळे तीन," अण्णा म्हणत, "न तिन्ही मिटलेले."

हे सगळं आधी सांगायचं कारण, गेल्या उन्हाळ्यात तलवाड्याकडच्या एका रानात जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

अण्णांचा चरखी फिरवणारा जोडीदार लग्नाला गेला होता. माझं दुकान बंद होतं. अण्णा म्हणाले, "चला शेठ, वारं लागंल जरा." आम्ही त्यांच्या छोट्या टेम्पोतून निघालो. वारं लागलं, पण ते भट्टीतलं होतं.

रान लिंबाजीबाबा नावाच्या धनगराचं होतं. बाबा म्हणजे त्या भागातला नावाजलेला पाणाडी. पन्नास वर्षं गावोगाव नारळ घेऊन फिरलेला माणूस. आता हात थरथरत म्हणून नारळ धरणं सुटलं होतं. शेवटची जागा त्याने स्वतःच्याच रानात दाखवली, आणि तिथला बोअर गाडीने कोरडा काढला. बाबा ऐकेना. झरा आहे, गाडीच्या चिखलाने तोंड बुजलंय, महिन्याभरात मोकळं होईल, असं तो सगळ्यांना सांगत होता. महिने चार झाले. थोरला मुलगा मारुती कंटाळला होता. त्याला दुसरीकडे बोअर घ्यायचा होता आणि म्हातारा घेऊ देत नव्हता. भांडण इतकं वाढलं की बाबाने पारावर चारचौघांत सांगून टाकलं: कॅमेरा आणा, आत पाणी नसलं तर ह्या डोक्यावरचा पटका उतरवीन आणि पुन्हा बांधणार नाही. मारुतीने तेच पकडलं. आम्ही पोचलो तेव्हा बोअरभोवती पंधरा-वीस माणसं बसली होती. काहीजण आपल्या रानात बाबाने दाखवलेलं पाणी पिऊन मोठे झालेले होते. तेही मजा बघायलाच आले होते.

बाबा एका दगडावर काठी धरून बसला होता. डोक्याला स्वच्छ धुतलेला पांढरा पटका होता. त्या दिवसासाठी मुद्दाम धुतला असावा.

"तुमीच का कॅमेऱ्याचे?" त्याने अण्णांना विचारलं. "नीट बघा. घाई करू नका. झरा बारका हाय."

"मी सांगत न्हाई बाबा, दाखवतो," अण्णा रुक्षपणे म्हणाले. पाणाडी म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडलीच होती.

उन्हात पडदा दिसत नाही. म्हणून मारुतीने बाबाचीच घोंगडी आणून दिली. अण्णा आणि मी ती डोक्यावरून घेऊन पडद्यासमोर बसलो. एका वेळी दोनच डोकी मावत होती. बाकीच्यांचे नंबर नंतर. चरखी मारुती फिरवू लागला आणि कॅमेरा खाली गेला.

आधी पाइप दिसला. मग मुरूम, मग काळा खडक. चित्र इतकं स्वच्छ होतं की खडकावरचा चरा न् चरा मोजावा. दोनशे फूट, तीनशे फूट. अण्णा डोळे बारीक करून बघत होते. कुठे ओलीचा ठिपका दिसतो का, कुठे भेगेत काळपट चमकतं का. बाहेरून बाबाचा आवाज येत होता, "साडेतीनशेला बघा. उगवतीच्या अंगाला." साडेतीनशेला अण्णांनी कॅमेरा थांबवला आणि सावकाश वळवला. उगवतीच्या अंगाला खडक होता, मावळतीच्या अंगाला खडक होता. मग पुढे तळापर्यंत खडकच. कॅमेरा बुडाला टेकला आणि पडद्यावर धूळ उडाली. पाचशे फूट खाली, जिथे पाणी असायचं, तिथे धूळ उडाली. मी अण्णांकडे पाहिलं. घोंगडीखाली घामाच्या धारा लागल्या होत्या.

"दिसलं का?" बाहेरून मारुती म्हणाला. "बाबा, या. तुमीच बघा आधी."

काठी टेकल्याचा आवाज आला. म्हातारा उठत होता. दोघं जण त्याला धरून आणत होते आणि कुणीतरी बारीक हसत होतं. अण्णांनी एकदा घोंगडीच्या फटीतून बाहेर पाहिलं. मग हात पुढे करून पडद्याची पिन उपटली.

"बाफ धरली," ते घोंगडीतून डोकं काढत म्हणाले. "काही दिसंना. काचेला आतून बाफ धरली."

मी चक्रावलो. दुसऱ्या कुणी हे वाक्य म्हटलं असतं तर अण्णांनी त्याची गचांडी धरली असती. लोकांतही कुजबूज झाली. मारुतीचा विश्वास बसेना. "तुमच्या कॅमेऱ्याला बाफ? अण्णा, तुमी तर म्हणता कधीच धरत न्हाई. वर घ्या. उघडून दाखवा की."

"दाखवतो," अण्णा म्हणाले.

कॅमेरा वर आला. अण्णांनी तो टॉवेलने पुसला, पुन्हा घोंगडीखाली नेला. बाहेरच्यांना वाटलं, उन्हापासून जपतायत. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांनी आटे सैल केले, झाकण काढलं. खालच्या गारव्यातून आलेली काच अजून गार होती. अण्णांनी ती तोंडाजवळ नेली आणि आतल्या बाजूवर श्वास सोडला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पोटातून. काच पांढरी झाली. आतली कोरडी पुडी त्यांनी खिशात टाकली, झाकण लावलं आणि आटे आवळले.

"हे बघा," ते बाहेर येऊन म्हणाले, आणि कॅमेरा सगळ्यांसमोर फिरवला. काचेमागे धुकं होतं. बारीक थेंब धरले होते.

"च्यायला," कुणीतरी म्हणालं. "येवढं नाव, न निघालं सादळलेलं."

अण्णांनी ऐकून घेतलं. माणसं एकेक करून उठली. काहींनी जाताना सांगितलं की पुढच्या वेळी गेवराईचा कॅमेरा आणा. मारुती चडफडत टेम्पोपाशी आला तेव्हा अण्णांनी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. मी चरखीजवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"बुड कोरडं हाय. धूळ उडाली. ह्यात मोटार टाकू नको. जागा पलीकडं ओढ्याच्या अंगाला बघ, तिथं खडक मऊ असंल. पर म्हातारा हाय तवर तोंड मिटून ऱ्हा. म्हण, यंत्र बिघडलं, दुसरीकडं बघू."

मारुतीने वायर गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात बाबा काठी टेकत आला. मला वाटलं आता हा अण्णांना टोमणा मारणार. त्याने अण्णांच्या दंडावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका. यंत्र हाय, बिघडायचंच. माझाबी नारळ कवा कवा उभा ऱ्हायचा न्हाई, लोकं हसायची. घडतंय. भाकरी झालीय. जेवून जा."

अण्णा नको म्हणाले नाहीत. लिंबाच्या सावलीला बसून आम्ही बाजरीची भाकरी, ठेचा आणि मेंढीचं दूध असं जेवलो. बाबा अण्णांना नारळ कसा निवडायचा ते समजावून सांगत होता आणि अण्णा, तिन्ही मिटलेले डोळे म्हणणारे अण्णा, मान हलवत ऐकत होते.

परतताना टेम्पोत मी विचारलं, "अण्णा, का केलंत असं?"

"नारळवाल्याचा मला आजबी राग हाय," ते समोर बघत म्हणाले. "पर शेठ, त्याला न बघता सांगावं लागायचं. माझ्यापुढं पडदा असतोय, त्याच्यापुढं नुसतं रान. पन्नास वर्षं तसं उभं ऱ्हायला छाती लागती."

थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "त्याला लोकं बोलवतेत ती पाणी लागंल म्हणून. मला बोलवतेत ती सगळं सरल्यावर. मी पडदा दाखवतो, माणसं बघतेत, न उठून घरी जातेत. वायर गुंडाळायलाबी कुणी थांबत न्हाई. त्यांचं चुकत न्हाई, त्यांच्यावर आभाळ पडलेलं असतंय. पर अकरा वर्षांत कुण्या रानात मला 'जेवून जा' म्हणलं न्हाई. आज म्हणलं."

मला लाज वाटत होती. अकरा वर्षं मी ह्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहतो. ते रानातून आले की मी गल्ल्यावरून ओरडून विचारायचो, "लागलं का पाणी?" आणि नाही म्हटलं की गिऱ्हाइकाकडे वळायचो. त्यांच्या टॉवेलवर, तव्यावर, श्वासावर मी पन्नास गमती सांगितल्या असतील. ते दिवसभर कुठे काय खातात, हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी कॅमेरा उघडून वाळवला. पण बातमी त्याच्या आधीच बाजारात पोचली होती. चहाच्या टपरीवर लोक त्यांना अजून चिडवतात. काही गावांची बोलावणी बंद झाली. अण्णा खुलासा करत नाहीत. मीही केला नाही. तलवाड्याकडचा कुणी दुकानात आला की बाबाची खुशाली विचारतो. पटका आहे डोक्यावर, म्हणतात.

परवा अण्णा उमापूरहून भर उन्हात परत आले. चेहऱ्यावरून कळत होतं, बोअर कोरडा निघाला होता. दुकानासमोर टेम्पो उभा करून ते पायरीपाशी आले. पाणी लागलं का, ते मी विचारलं नाही.

"या अण्णा," मी म्हणालो. "माझं जेवायचं राहिलंय. सोबत होईल." आणि आत हाक मारून दोन ताटं वाढायला सांगितलं.

बायको दारात आली. आत्ताच तर जेवलात, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, पण अण्णांकडे बघून ती तशीच आत गेली. अण्णा बूट घालून बघायच्या बाकड्यावर बसले, टॉवेलने तोंड पुसलं. ताटं आली. त्यांनी भाकरी मोडली. मी त्या दुपारी दोनदा जेवलो.